पाचवीपर्यंतची खाट

जमुनाबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य होतं, "ओ मॅडम, चपला भाहेर." माझ्या हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र, सोबत मेडिकल ऑफिसर, आणि सगळ्या वॉर्डासमोर ही बुटकी, जांभळ्या लुगड्यातली आया मला उंबऱ्यावरूनच परत पाठवत होती. अमरावतीहून सरकारी दवाखान्यांचं मूल्यमापन करायला आलेली बाई मी, थोडा मान मिळेल अशी माझी समजूत होती. डॉक्टरसाहेब स्वतः निमूटपणे बूट काढत होते, म्हणून मीही चपला काढल्या, पण तोंड वाकडं करून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्या चपलांचा काहीच वाटा नव्हता असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

मी वर्षाली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, संध्याकाळी कोचिंग क्लासमध्ये गणित घेते आणि उरलेल्या वेळात नितेश सरांच्या संस्थेसाठी सर्व्हे करते. सरांनी त्या वर्षी अकोला जिल्ह्यातल्या नऊ ग्रामीण रुग्णालयांचं काम घेतलं होतं, आणि अहवाल वेळेत गेला तर मला कायम करू, असं दोनदा म्हटलं होतं. कायम हा शब्द तासिकावाल्याला कसा ऐकू येतो ते तासिकावाल्यालाच कळतं.

प्रश्न साधा होता आणि मला तो मनापासून आवडायचा. सरकार दवाखान्यावर जो पैसा घालतं त्यात एक बाळंतपण केवढ्याला पडतं, आणि तेच शेजारच्या तालुक्यात केवढ्याला पडतं? पगार, औषधं, वीज, जेवण, धुलाई, सगळं खाटेच्या दिवसांवर वाटायचं. बाई जितके दिवस खाटेवर, तितकी ती महाग. आपल्यासारख्या देशात पैसा कुठं वाया जातो ते आकडाच भीड न ठेवता सांगतो, असं मला वाटायचं. अजूनही ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कपाटात मुदत संपलेली औषधं आणि खोक्यातून कधीच बाहेर न निघालेली यंत्रं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

हा दवाखाना बार्शीटाकळीच्या बाजूचा. नाव लिहीत नाही. आमच्या तक्त्यात तो नववा, म्हणजे शेवटचा होता. बाकी ठिकाणी सुखरूप बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जायची, इथं सहा दिवस राहायची. वॉर्डाच्या मागे सहा खाटांची एक वेगळी खोली होती, पूर्वेला व्हरांडा असलेली. तिथं बाया नुसत्या बसलेल्या असायच्या. लेकरू मांडीवर, सासू किंवा आई खाली चटईवर, ना कुणाला सलाइन, ना कुणाला ताप. केसपेपरवर डॉक्टरांची एकच ओळ, प्रकृती ठीक. मग ठेवलं कशाला आहे असं विचारलं की परिचारिकेपासून शिपायापर्यंत सगळे जमुनाबाईंकडे बोट दाखवत.

त्या तिथं सतरा वर्षं कंत्राटी आया होत्या. नवरा खुशालराव विहिरीच्या पाण्यावर मेथी, पालक, वांगी पिकवायचे, आणि बाई येताना पिशवीभर पालेभाजी घेऊन यायच्या. दवाखान्याच्या डाळीत ती मेथी पडायची. बाळंतिणींना नावानं नाही, गावानं हाक मारायच्या. "ओ महान, उठ. ओ पिंजर, लेकरू उपाशी हाय तुयं." कुणाच्या सासूनं पोरगी झाली म्हणून तोंड फिरवलं तर तिच्याच हातात लेकरू देऊन स्वतः पाणी आणायला निघून जायच्या आणि पाऊण तास परत यायच्या नाहीत. तेवढ्या वेळात सासू विरघळायची.

मी फाइल उघडून विचारलं, "जमुनाबाई, इथं बाया इतके दिवस का राहतात?"

"पाचवी झाल्याबिगर आमी कोणालेच जाऊ देत नाही," त्या म्हणाल्या. त्या आवाजात शुद्ध अभिमान होता. घरी आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

त्याच संध्याकाळी एका लेकराची पाचवी होती. खोलीच्या कोपऱ्यात दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा धुऊन मांडला होता, कणकेचे दिवे लावले होते. सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. लेखणी सापडेना. जमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा पेन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताच मी दवाखान्यात पोचले, कारण जेवणाची ताटं मोजायची होती. व्हरांड्यात कोवळं ऊन आलं होतं. जमुनाबाई एकेक लेकरू बाहेर आणत होत्या, दुपटं बाजूला करून त्याच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, छातीवर अंगठा दाबत होत्या आणि अंगठा उचलल्यावर कातडीकडे डोळे बारीक करून बघत होत्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायच्या. मग पुढचं लेकरू.

"हे काय करून राहिल्या?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "काई नाही. पिवळं पडलं का पायतो. पयले एक सिस्टर होती, ते सांगून गेली, जमुना, लेकराईले पाच दिवस रोज उजेडात पाह्यत जाजो." मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे लिवू नका बरं. आयाचं काम नोये हे. साहेब रागावतीन."

ती सिस्टर निवृत्त होऊन वर्ध्याला गेली होती. तिची सूचना मात्र कुणी मागे घेतली नव्हती, म्हणून जमुनाबाई ती पाळत होत्या. त्या दिवशी मी अकोल्याला पाठवलेल्या रुग्णांची वही चाळली. वर्षभरात अकरा लेकरं कावीळ वाढली म्हणून मोठ्या दवाखान्यात गेली होती, सगळी जन्माच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सगळी वेळेत, आणि अकराही परत आली होती. शेजारच्या दवाखान्यातून असं एकही लेकरू गेलं नव्हतं. तिथल्या लेकरांना कावीळ होत नव्हती असं नाही. ती त्या वेळी घरी होती आणि त्यांना उजेडात कुणी पाहत नव्हतं. हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही. मला ते कळलं, आणि मी त्या दोन पानांचा फोटोही काढला.

आमच्या फॉर्ममध्ये जादा मुक्कामाच्या कारणासाठी एक चौकट होती. वैद्यकीय कारण असेल तर १, सामाजिक किंवा धार्मिक असेल तर २. एक लिहायचं तर सोबत डॉक्टरांचा शेरा लागायचा, आणि शेऱ्यासाठी पुन्हा दोन दिवस थांबावं लागलं असतं. नितेश सरांचा फोन रोज येत होता. मी सगळ्या केसपेपरांपुढं २ लिहिला. जमुनाबाईंनी नका लिहू म्हटलं म्हणून नाही. लोक मला रोज दहा गोष्टी लिहू नका म्हणतात आणि मी त्या लिहिते. मला घाई होती. आणि आपल्याला उंबऱ्यावर अडवणाऱ्या बाईसाठी दोन दिवस खोळंबावं, एवढं मोठं मन त्या आठवड्यात माझ्यापाशी नव्हतं.

अहवाल वेळेत गेला. तो लोकांनी वाचलाही, हे आमच्या धंद्यात क्वचित घडतं. त्यातली 'धार्मिक कारणासाठी अनावश्यक मुक्काम' ही ओळ मीच लिहिलेली होती. काही महिन्यांत तिथं पत्र गेलं. सुखरूप बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत घरी सोडावं. सहा खाटांची खोली भांडारासाठी घ्यावी. आयाचं एक कंत्राट वाढवू नये. मला कायम केलं.

दोन वर्षांनी सरांना त्याच दवाखान्यांचं दुसरं काम मिळालं. सुधारणांनी किती फायदा झाला ते मोजायचं होतं. मी अकोल्यात आठवडाभर होते. एका संध्याकाळी जठारपेठेत भाजी घ्यायला थांबले, आणि पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईनं मान वर केली. त्या जमुनाबाई होत्या. वाळलेल्या वाटल्या, पण मला लगेच ओळखलं आणि स्वतःच्या बुडाखालचा पाट काढून मला बसायला दिला.

"कशा आहात?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार.

त्या सांगत गेल्या. त्यांचा भाऊ देवमन, त्याची मुलगी सीमा. सीमाचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जमुनाबाईंच्याच दवाखान्यात. पत्र येऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते आणि बाईंचं कंत्राट संपायला चार दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सुट्टी दिली. देवमनला वाटलं, आपली बहीणच तिथं आहे, ती ठेवून घेईल. बाई गप्प राहिल्या. सीमा घरी गेली. बाळंतिणीची खोली अंधारी, खिडकीला गोधडी, लेकराच्या अंगाला हळद आणि तेल. पिवळेपणा कुणाला दिसणार? सहाव्या दिवशी पोरीनं दूध ओढणं बंद केलं. अकोल्याला नेली, रक्त बदललं, पोरगी वाचली. नाव खुशी. काविळीनं तिचे कान नेले, तिला ऐकू येत नाही. कानाची मशीन मिळाली आहे, पण तिच्यातून ढोल कळतो, माणूस कळत नाही.

"लोकाईच्या पोरी सतरा वर्सं ठेवल्या अन् सोताच्या भाचीले धाडून देल्लं, असं म्हनते दादा. भाऊबीजेले बलावणं नाही मले दोन वर्सं झाले. अन् ते खोटं नाही म्हनत." त्यांनी जुडीची एक पिवळी काडी काढून टाकली. "लोक दुसऱ्याच दिशी घरी जातो म्हनत होते मॅडम. लेकरू पिवळं पडते, थांबा, असं म्हनलं तर कोणी थांबे नाही. पाचवी इथंच करून देतो म्हनलं की सासू सोता गोधडी घेऊन येये. म्हणून म्या पाचवी काढली. अन् तुमी इचारलं तवा पाचवीचंच सांगतलं. उजेडात पायतो ते तुमाले दिसलं, तं म्याच म्हनलं लिवू नका. माह्या तोंडानं गेलं सगळं."

आता मी जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते. मी म्हणाले, "हो ना. तुम्हीच तर म्हणाला होतात."

त्यांनी मान हलवली. मला चार जुड्या दिल्या आणि दोनचेच पैसे घेतले. मी पिशवी घेऊन उठले आणि रिक्षात बसले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. गुन्हा कबूल करणारं दुसरंच माणूस भेटलं होतं.

ते हायसं वाटणं अमरावतीला घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा तक्ता केला. नवव्या क्रमांकाचा तो दवाखाना आता दुसरा आला होता. एका बाळंतपणाचा खर्च निम्म्यावर. लेकरं पाठवल्याच्या वहीत दोन वर्षांत काविळीची नोंद एकच होती, आणि नितेश सर ती पाहून म्हणाले, "बघ, कावीळसुद्धा कमी झाली." मी मोबाइलमध्ये मागे मागे जाऊन त्या दोन पानांचा जुना फोटो शोधला. अकरा नावं. बारावं नाव खुशीचं असायला हवं होतं, आणि तिचं काय झालं ते मला ठाऊक होतं. बाकी दोन वर्षांतली नावं कुठल्या वहीत आहेत, कुणाला माहीत. ती मोजायचं काम कुणी कुणाला दिलेलंच नव्हतं.

मी तीन पानं लिहिली. सगळं लिहिलं, चौकटीत २ कुणी आणि का टाकला तेही. सरांनी वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "हे परिशिष्टात घालू." परिशिष्ट कुणी वाचत नाही, मी स्वतः आजवर एकही वाचलेलं नाही. मी म्हटलं, पहिल्या पानावर नसेल तर माझी सही नाही. ते म्हणाले, विचार कर. ते प्रकरण अजून तिथंच अडलेलं आहे आणि मिळालेलं कायमपणही आता टांगणीला लागलं आहे.

पण कागदानं जमुनाबाईंचं काय होणार होतं? त्यांचं माहेर तुटलं होतं. म्हणून रविवारी मी पुन्हा जठारपेठेत गेले आणि रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांना म्हटलं, "तुमच्या सांगण्यामुळं मी लिहायची राहिले नाही. मला सगळं कळलं होतं. वही पाहिली होती, फोटोसुद्धा काढला होता. घाई होती म्हणून नाही लिहिलं. परवा तुमच्यावर ढकललं, तेही खोटंच."

गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं, त्यांनी सांगितला नाही.

"तुमाले ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग दोन वर्सं मले काहून नाही सांगतलं? मी रोज झोपतानी हेच घोकून राहिली, का तोंड उघडलं असतं तं पोरगी ऐकती राह्यली असती."

मी एवढंच म्हणाले की हे मला देवमनदादांच्या घरी येऊन सांगायचं आहे, तुम्ही न्याल का. त्यांनी पोत्याची टोकं बांधली, उरलेल्या जुड्या शेजारणीकडे ठेवल्या आणि चपला पायात सरकवल्या.

देवमनदादांचं घर बार्शीटाकळीच्या अलीकडच्या खेड्यात आहे. ओसरीवर ते कापसाची पोती शिवत होते. बहिणीला पाहून त्यांनी सुई थांबवली नाही. आतून माहेरी आलेली सीमा डोकावली, आत्याला पाहून दारातच उभी राहिली. अंगणाच्या कडेला पाठमोरी बसलेली एक लहानगी पोरगी ताटलीत तुरीच्या शेंगा टाकत-काढत होती. मला कुणी बस म्हटलं नाही, तेव्हा मी उभ्यानंच बोलले. कोण आहे, काय काम करत होते, दवाखाना महाग का ठरला, चौकटीत काय लिहायला हवं होतं आणि मी काय लिहिलं. जमुनाबाईंनी तुमच्या पोरीला धाडलं नाही, धाडायला लावणारा कागद माझा होता, असं म्हणाले. मध्ये एकदा 'सरासरी मुक्काम' असं तोंडातून गेलं आणि मीच थांबले.

देवमनदादांनी दोरा तोडला. "म्हंजे हिचा दोष नाही."

"नाही. माझा आहे."

ते जमुनाबाईंकडे वळले. "बाई, तू काहून उभी हाय? बस." आवाज कोरडा होता, पण जमुनाबाई ओसरीच्या कडेला टेकल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. सीमा त्यांच्याजवळ येऊन बसली.

मला वाटलं, झालं. निदान एवढं तरी झालं. मी हात जोडले आणि म्हणाले, "दादा, मी नव्या अहवालात हे सगळं लिहिलं आहे. छापून येईल असं करते."

"ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. "आमाले सांगतलं, आयकलं आमी. आता तिलेही सांगा." त्यांनी हनुवटीनं अंगणाच्या कडेकडे दाखवलं. "हाका मारा. खुशी नाव हाय तिचं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हाक मारली. मग दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा मारली, मोठ्यानं, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचते त्या आवाजात. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर डोकावली. खुशीनं एक शेंग ताटलीत टाकली आणि दुसरी हातात घेतली.